जुन्या छोट्या स्पोर्ट्स मोटारींतील फेरबदलाचा छंद : परंपरा, अडचणी आणि भवितव्य

गोषवारा

जुनी, छोटी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार घेऊन तिच्या इंजिनात, सस्पेन्शनमध्ये व ब्रेकमध्ये स्वतःच्या हाताने बदल करण्याचा छंद इंग्लंड, अमेरिका आणि जपान या देशांत अनेक दशके रुजलेला आहे. सुट्या भागांची टंचाई, प्रदूषणविषयक कायदे आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांचे आगमन या तीन कारणांमुळे त्याच्या भवितव्याविषयी आज प्रश्न उपस्थित झाले आहेत. प्रस्तुत लेखात एमजी बी आणि माझदा एमएक्स-५ ही दोन उदाहरणे मुख्यतः समोर ठेवून या प्रश्नांचे विवेचन केले आहे. या छंदाला खरा धोका विजेच्या मोटारीपासून नसून, ‘जुने वाहन’ म्हणजे केवळ ‘न बदललेले वाहन’ असे मानणाऱ्या कायद्यापासून आणि उघडून पाहता न येणाऱ्या यंत्रापासून आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्पोर्ट्स मोटार, फेरबदल, जीर्णोद्धार, सुटे भाग, प्रदूषण नियंत्रण, विद्युत-रूपांतर, तांत्रिक वारसा.

प्रस्तावना

मोटार विकत घेणारी बहुतेक माणसे ती कारखान्यातून आली तशीच वापरतात आणि जुनी झाली की विकून टाकतात. याला अपवाद असणारा एक छोटा वर्ग प्रत्येक मोटारप्रधान देशात आढळतो. या वर्गातील माणूस पंधरा-वीस वर्षे जुनी, कमी किमतीची स्पोर्ट्स मोटार घेतो. ती घराच्या गॅरेजमध्ये उघडतो, तिचे दोष समजून घेतो आणि आपल्या गरजेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे तिच्यात बदल करतो. कोणी इंजिनाला टर्बोचार्जर जोडतो, कोणी स्प्रिंगा व शॉक अॅब्सॉर्बर बदलतो, तर कोणी संपूर्ण इंजिनच दुसऱ्या गाडीचे बसवतो. या कामात पैसा वाचतो असे नाही. बहुधा तो वाढीव खर्चच होतो. तरीही हे काम केले जाते, कारण त्यातून यंत्र समजते आणि समजलेले यंत्र आपले वाटू लागते.

या छंदाकडे ‘गाडी अधिक वेगाने पळवण्याचा नाद’ एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. त्यात तंत्रज्ञान आहे, कायदा आहे, पर्यावरणाचा प्रश्न आहे आणि हातांनी शिकलेले ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची प्रक्रियाही आहे. म्हणूनच त्याचे भवितव्य हा विषय अनेक विद्याशाखांना स्पर्श करणारा ठरतो.

संज्ञा आणि व्याप्ती

जुन्या मोटारीवर केल्या जाणाऱ्या कामाचे दोन प्रकार येथे वेगळे मानले आहेत. गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशी पुन्हा करणे म्हणजे ‘जीर्णोद्धार’. गाडी मूळ आराखड्याहून वेगळी, बहुधा अधिक सक्षम करणे म्हणजे ‘फेरबदल’. व्यवहारात ही सीमारेषा पुसट असते. चाळीस वर्षे जुन्या गाडीला नव्या प्रतीचे ब्रेक पॅड बसवले, तर तो जीर्णोद्धार की फेरबदल, हे सांगणे कठीण आहे. पुढील विवेचनात दिसेल की या छंदाचे भवितव्य बऱ्याच अंशी या पुसट रेषेवरच अवलंबून आहे. ‘छोटी स्पोर्ट्स मोटार’ या संज्ञेत वजनाने हलक्या, माफक क्षमतेच्या आणि सामान्य माणसाला परवडतील अशा हेतूने तयार केलेल्या गाड्या अभिप्रेत आहेत.

छंदाची जडणघडण : ब्रिटिश परंपरा

या छंदाचा पाया ब्रिटिश कारखान्यांनी घातला, असे म्हणता येईल. १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९६१ साली एमजी मिजेट आणि १९६२ साली एमजी बी या गाड्या बाजारात आल्या. त्यांची किंमत कमी ठेवण्याचा उपाय सरळ होता. साध्या कौटुंबिक गाड्यांचेच भाग त्यांत वापरले गेले. स्प्राइटचे इंजिन ऑस्टिन ए-३५ या छोट्या घरगुती गाडीच्या कुळातले होते आणि स्टिअरिंगची यंत्रणा मॉरिस मायनरकडून घेतलेली होती. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्याच कुळातील पुढील काळातले मोठे इंजिन स्प्राइटमध्ये सहज बसू लागले. भंगारात निघालेली कौटुंबिक गाडी ही स्पोर्ट्स मोटारीच्या हौशी मालकासाठी सुट्या भागांची खाण ठरली.

एमजी बीचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिचे मूळ इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घनसेंटिमीटरचे होते. १९७०च्या सुमारास केन कॉस्टेलो या इंग्रज गृहस्थाने त्याऐवजी रोव्हर कंपनीचे ३.५ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवून दाखवले. हे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्यामुळे सिलिंडर दुप्पट होऊनही गाडीचा तोल बिघडला नाही. कॉस्टेलो अशा गाड्या तयार करून विकू लागला. त्यानंतर १९७३ साली मूळ उत्पादकानेच याच धर्तीवर एमजी बी जीटी व्ही-८ ही गाडी काढली आणि ती १९७६ पर्यंत तयार होत राहिली. वर्कशॉपमध्ये जन्मलेला बदल कारखान्याने स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण होय.

याच गाडीच्या बाबतीत उलट दिशेचा बदलही घडला. अमेरिकेतील सुरक्षा नियमांची पूर्तता करण्यासाठी १९७४च्या सुमारास एमजी बीला जाड काळे रबरी बंपर लावण्यात आले आणि गाडीची जमिनीपासूनची उंची वाढवण्यात आली. त्यामुळे वळणावर गाडी अधिक झुकू लागली. अनेक हौशी मालकांनी ही उंची पुन्हा कमी केली आणि जुने क्रोमचे बंपर बसवले. कारखान्याच्या नोंदीनुसार हा ‘फेरबदल’ आहे. परंतु मूळ आरेखनाच्या दृष्टीने तो जीर्णोद्धारच ठरतो.

माझदा एमएक्स-५ : एक प्रातिनिधिक उदाहरण

एमजीचा अॅबिंग्डन येथील कारखाना १९८० साली बंद पडला आणि स्वस्त, उघड्या छपराच्या स्पोर्ट्स मोटारींचा एक काळ संपला. ही पोकळी जपानने भरून काढली. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९ साली माझदा कंपनीतील केनिची यामामोतो यांच्यापुढे जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी साधी, हलकी दुआसनी गाडी काढण्याची कल्पना मांडली होती. पुढे तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती साकार झाली. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, या अर्थाचे ‘जिंबा इत्ताई’ हे जपानी वचन या आरेखनाचे सूत्र होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात ही गाडी जगासमोर आली. अमेरिकेत ती मियाटा, तर जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. १९९७ पर्यंत चाललेल्या तिच्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये सर्व पिढ्या मिळून दहा लाखांचा टप्पा गाठला गेला.

फेरबदलाच्या छंदात ही गाडी अग्रस्थानी येण्याची कारणे तिच्या बांधणीतच आहेत. वजन जेमतेम ९५० किलोच्या आसपास, इंजिन पुढे लांबीच्या दिशेने आणि शक्ती मागच्या चाकांना अशी सरळ रचना होती. त्यामुळे इंजिनाच्या भोवती हात घालायला जागा राहिली. १.६ लिटरचे तिचे इंजिन ज्या कुळातले होते, त्याच कुळातले टर्बोचार्जरयुक्त इंजिन माझदाच्या ३२३ या गाडीत आधीच वापरले जात होते. म्हणून हे इंजिन वाढीव दाब सोसू शकेल, असा अंदाज हौशींना प्रारंभापासून बांधता आला. ब्रिटनमध्ये तर १९९०च्या सुमारास बीबीआर या संस्थेने तयार केलेला टर्बोचार्जरचा संच माझदाच्या विक्रेत्यांमार्फतच बसवून मिळत असे.

मात्र एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी ताण निर्माण करतो, हा यंत्रशास्त्राचा नियम येथेही लागू पडतो. इंजिनाची शक्ती वाढवली की १.६ लिटरच्या गाडीतील मागचा छोटा डिफरन्शिअल टिकत नाही. मग पुढील काळातल्या १.८ लिटरच्या गाडीतील मोठा डिफरन्शिअल आणून बसवावा लागतो. शक्ती वाढली की ब्रेक मोठे हवेत, ब्रेक वाढले की टायर चांगले हवेत. ही साखळी ज्याने स्वतः हाताळली, त्याला मोटार म्हणजे सुट्या भागांची बेरीज नसून परस्परावलंबी व्यवस्था आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. या छंदाचे शैक्षणिक मूल्य येथेच आहे.

सुट्या भागांचा प्रश्न

कोणत्याही जुन्या यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांच्या उपलब्धतेवर ठरते. एमएक्स-५ पहिल्यांदा स्वस्त झाली, तेव्हा अपघातात सापडलेल्या गाड्या विपुल होत्या आणि एका गाडीसाठी दुसरी मोडणे परवडत असे. आता त्यातील सर्वांत लहान गाडीचे वयही पंचवीस वर्षांच्या पुढे गेले आहे. कापडी छपराच्या पन्हळीतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे कचऱ्याने तुंबतात, ते पाणी दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि पत्रा आतून गंजतो. इंजिन नवे मिळू शकते. परंतु गंजलेला सांगाडा परत आणणे फार खर्चाचे असते. शिवाय अशा गाड्यांच्या किमती वाढू लागल्या की मालक त्या मोडण्यास किंवा बदलण्यास कचरतो. स्वस्त प्रयोगवस्तू म्हणून असलेले तिचे स्थान हळूहळू संग्राह्य वस्तूकडे सरकते. ही या छंदाची अंतर्गत विसंगती आहे : गाडी लोकप्रिय होते ती तिच्यात बदल करता येतात म्हणून, आणि लोकप्रिय झाली की न बदललेली गाडीच अधिक मोलाची ठरते.

या टंचाईवर उत्पादकांनीच काही प्रमाणात उपाय योजलेला दिसतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांचा उपयोग करून एमजी बीचे संपूर्ण नवे सांगाडे तयार करण्यास सुरुवात केली. या प्रयत्नातूनच पुढे १९९२ साली एमजी आरव्ही-८ ही गाडी पुन्हा कारखान्यातून बाहेर पडली आणि तिच्यापैकी बहुसंख्य गाड्या जपानमध्ये विकल्या गेल्या. माझदाने २०१७ साली पहिल्या पिढीच्या एमएक्स-५साठी जपानमध्ये जीर्णोद्धार योजना जाहीर केली. तीत मूळ छपराचे कापड, लाकडी स्टिअरिंग चक्र आणि मूळ नमुन्याचे टायर यांचेही पुनरुत्पादन करण्यात आले. टोयोटानेही २०२० पासून आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे भाग पुन्हा तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि पुढील वर्षी त्यात १९८३ ते १९८७ या काळातील एई-८६ या छोट्या गाडीचा समावेश केला.

हे उपक्रम स्वागतार्ह असले, तरी त्यांचा कल मूळ रूपाकडे आहे. उत्पादक कंपनी आपल्या इतिहासाचे जतन करते. हौशी माणसाच्या प्रयोगाची जबाबदारी ती घेत नाही. ती जागा लहान वर्कशॉपे भरून काढतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फ्लाइंग मियाटासारख्या संस्थेने केवळ या एका गाडीच्या फेरबदलावर आपला व्यवसाय उभा केला. त्रिमितीय मोजणी आणि त्रिमितीय छपाई यांमुळे एखादा दुर्मीळ प्लॅस्टिकचा भाग थोड्या संख्येने तयार करणेही आता शक्य झाले आहे. म्हणजेच सुट्या भागांचा प्रश्न बिकट असला तरी असाध्य नाही.

उघडे यंत्र आणि बंद यंत्र

कार्ब्युरेटरच्या काळात इंधन आणि हवा यांचे प्रमाण एका सुईच्या जाडीवर ठरत असे. ती सुई बदलणे हे स्क्रू-ड्रायव्हरचे काम होते. पुढे ते काम इंजिन नियंत्रण संगणकाकडे गेले, तेव्हा हा छंद संपेल अशी भीती व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. पहिल्या एमएक्स-५मधील संगणक साधा होता. आत येणाऱ्या हवेच्या झोतात ठेवलेली एक झडप किती सरकली, यावरून तो हवेचे प्रमाण ओळखत असे. तो काढून त्याजागी दुसरा संगणक बसवणे अवघड नव्हते. २००१ साली ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा, स्वतः जोडणी करता येण्याजोगा इंजिन नियंत्रण संगणक पुढे आणला. त्यामुळे हौशींना आपल्या इंजिनाचे इंधनाचे व ठिणगीचे वेळापत्रक स्वतः ठरवता येऊ लागले. पूर्वी सुई घासणारे हात आता आकड्यांचा तक्ता भरू लागले.

अलीकडच्या गाड्यांची स्थिती मूलतः वेगळी आहे. त्यांच्यात इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि कुलूप यांचे अनेक संगणक एकमेकांशी सतत संवाद साधतात. एक भाग बदलला की बाकीचे तो ओळखण्यास नकार देऊ शकतात आणि त्यातील आज्ञावली उत्पादकाने बंद केलेली असते. म्हणून आजची नवी गाडी वीस वर्षांनी ‘जुनी’ होईल. परंतु ती फेरबदलास योग्य होईलच असे नाही. या छंदाला पुढे नवा कच्चा माल मिळेल की १९९०च्या दशकातील गाड्याच शेवटपर्यंत पुरवाव्या लागतील, हा प्रश्न इंधनाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. मालकाला स्वतःचे यंत्र उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आहे की नाही, या व्यापक चर्चेशी तो जोडलेला आहे.

कायदा : मूळपणाची कसोटी की परिणामाची?

फेरबदलाविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप प्रदूषणाचा आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही. पूर्ण तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा फार मोठा भाग निष्प्रभ करतो. तो काढून टाकणारा माणूस स्वतःच्या आनंदाची किंमत शेजाऱ्याच्या श्वासातून वसूल करतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने अशी छेडछाड बेकायदेशीर ठरवली आहे. २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रदूषण नियंत्रण निकामी करणाऱ्या भागांविरुद्ध देशव्यापी मोहीमही चालवली.

प्रश्न आहे तो नियमाच्या पद्धतीचा. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. १९७६ नंतरच्या गाड्यांना ती नाही. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ची तपासणी दोन अंगांनी होते. नळीतून येणारा धूर मोजला जातो आणि इंजिनावरील भागांची डोळ्यांनी पाहणीही होते. एखाद्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक नसेल, तर धूर मर्यादेत असूनही गाडी नापास होऊ शकते. मात्र तेथेच एक समंजस वाटही ठेवलेली आहे. मूळ गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे इंजिन त्याच्या सर्व प्रदूषण-नियंत्रक भागांसह बसवले आणि अधिकृत परीक्षकाकडून तपासून घेतले, तर असा बदल वैध ठरतो. येथे ‘मूळ काय होते’ याऐवजी ‘आताचा परिणाम काय’ याकडे काही अंशी पाहिले गेले आहे.

युरोपातील दृष्टिकोन जतनाकडे अधिक झुकलेला आहे. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा क्रमांक मिळतो. परंतु ती मूळ स्थितीत किंवा तिच्या काळातील प्रचलित बदलांसह असावी लागते. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. ही सूट मागील तीस वर्षांत ‘मोठा बदल’ झालेल्या गाड्यांना नाही. उत्पादनकाळात किंवा उत्पादन थांबल्यानंतरच्या दहा वर्षांत प्रचलित असलेले बदल मात्र ग्राह्य धरले जातात. लंडनमध्ये २०१९ साली सुरू झालेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संपूर्ण महानगरात विस्तारलेले अतिनीच उत्सर्जन क्षेत्रही चाळीस वर्षांची हीच मर्यादा पाळते. परिणामी १९९० साली नोंदलेली एमएक्स-५ २०३० पर्यंत ‘जुनी आणि प्रदूषणकारी’ राहील आणि त्यानंतर ‘ऐतिहासिक’ होईल. गाडी तीच, धूर तोच. बदलेल ती केवळ कायद्यातील संज्ञा. जपानमध्ये तर तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवर वाढीव कर आकारला जातो.

आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद या संदर्भात लक्षणीय आहे. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. वाहनात नंतर करावे लागणारे बदल मूळ रचनेस बाधा न आणणारे, नोंदलेले आणि पुन्हा काढून घेता येतील असे असावेत, अशी तिची भूमिका आहे. ‘परत फिरवता येणारा बदल’ ही कल्पना फेरबदल आणि जतन यांच्यामधील पूल ठरू शकते.

वीज, हायड्रोजन आणि जुना सांगाडा

विजेच्या मोटारीमुळे हा छंद नष्ट होईल, हे मत सर्रास ऐकू येते. तथापि नव्या वाहनांविषयीचे नियम आणि जुन्या वाहनांचा वापर हे दोन भिन्न विषय आहेत. युरोपीय संघाने २०२३ साली २०३५ नंतरच्या नव्या मोटारींसाठी शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले आणि २०२५च्या अखेरीस ते काहीसे शिथिल करण्याचा प्रस्ताव पुढे आला. परंतु त्या नियमाचा संबंध रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांशी नाही. जुन्या गाड्यांना अप्रत्यक्ष धोका मात्र आहे. पेट्रोलची मागणी घटली तर पंप कमी होतील, आणि इंधनातील इथेनॉलचे प्रमाण वाढत गेल्यास जुन्या रबरी नळ्या व जोड बदलावे लागतील.

दुसरीकडे, जुन्या गाडीला विजेची मोटार बसवणे हाही फेरबदलच आहे. फ्रान्सने मार्च २०२०च्या आदेशाने पाच वर्षांहून जुन्या गाड्यांच्या अशा रूपांतरास नियमबद्ध मार्ग खुला केला. ब्रिटननेही ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदणीचे नियम सुधारून, विद्युत-रूपांतर केलेल्या गाडीला तिची मूळ ओळख व क्रमांक राखण्याची मुभा दिली. जपानमध्ये जानेवारी २०२३ मध्ये टोयोटाने दोन जुन्या एई-८६ गाड्या प्रदर्शनात मांडल्या. एकीचे इंजिन हायड्रोजनवर चालेल असे केले होते, तर दुसरीत विजेची मोटार बसवली होती. आणि दोन्हींत हाताने बदलायचा गिअर कायम ठेवला होता. जुनी गाडी टिकवायची म्हणजे केवळ तिचे रूप टिकवायचे नाही, तर ती चालवण्याची कृतीही टिकवायची, हा त्यामागील विचार होता.

येथे वजनाचा अडसर मात्र मोठा आहे. बॅटरीच्या संचात दर किलोमागे १५० वॅट-तास ऊर्जा साठते असे धरले, तर ३० किलोवॅट-तासांच्या संचाचे वजन २०० किलो होते. ९५० किलोच्या गाडीच्या दृष्टीने हे एकपंचमांशाहून अधिक आहे. इंजिन, पेट्रोलची टाकी व धुराची नळी काढल्याने त्यातील काही भार कमी होतो. परंतु उरलेला भार कोठे ठेवायचा, यावर गाडीचा तोल ठरतो. हलकेपणा हाच ज्या गाडीचा गुण, तिच्याबाबतीत हा प्रश्न गौण नाही. मात्र अशा अडचणी सोडवणे हेच या छंदाचे आजवरचे काम राहिले आहे.

भारतीय संदर्भ

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही आणि छोट्या स्पोर्ट्स मोटारींची परंपराही येथे क्षीण आहे. तथापि कायद्याच्या दृष्टीने तुलना उद्बोधक ठरते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. २०२१ साली अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. विद्युत-रूपांतराचा मार्ग मात्र उघडा आहे. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या चाचणी संस्थांनी मान्यता दिलेला संच अधिकृत केंद्रातून बसवता येतो. म्हणजे भारतात बदलाला वाव आहे तो मान्यताप्राप्त संचाला. स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयोगाला नाही. रस्त्यांवरील गर्दी आणि अपघातांचे प्रमाण पाहता ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. तरीही प्रयोगाची प्रवृत्ती दडपण्याऐवजी तिची तपासणी करण्याची यंत्रणा उभारता येईल का, याचा विचार होणे आवश्यक आहे.

कौशल्याचे हस्तांतरण

गाडीपेक्षाही अधिक नाशवंत आहे ती गाडीविषयीची जाण. कार्ब्युरेटरचा सूर कानाने ओळखणारे, वाकलेला पत्रा हातोडीने सरळ करणारे कारागीर वृद्ध होत आहेत. याची दखल घेऊन अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या मॅकफर्सन महाविद्यालयाने १९७६ पासून मोटार-जीर्णोद्धाराचे शिक्षण सुरू केले आणि आज तेथे या विषयातील चार वर्षांची पदवी मिळते. एका छोट्या महाविद्यालयाने छंदाला अभ्यासविषयाचे रूप दिले, ही बाब उच्च शिक्षणात कार्यरत असणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या वर्गात विद्यार्थी यंत्राची आकृती पाहतो पण यंत्र उघडत नाही, तेथे शिकवले बरेच जाते. परंतु समजते थोडे.

निष्कर्ष

१. फेरबदल हा जुन्या छोट्या स्पोर्ट्स मोटारींच्या इतिहासाचाच भाग आहे. कॉस्टेलोच्या गाडीपासून टोयोटाच्या प्रायोगिक एई-८६पर्यंत कारखाना आणि वर्कशॉप यांच्यात देवाणघेवाण होत आली आहे. केवळ न बदललेली गाडी खरी, असे मानणारे जतन हा इतिहासच अर्धा पुसून टाकते.

२. सुट्या भागांची टंचाई पुनरुत्पादनाने आणि लहान प्रमाणावरील नव्या उत्पादनतंत्राने सुसह्य होऊ शकते. तथापि वाढत्या किमतींमुळे कमी उत्पन्नाचा तरुण या छंदापासून दूर जाण्याचा धोका खरा आहे.

३. विद्युत-रूपांतर हा या छंदाचा शेवट नसून त्याची पुढील अवस्था ठरू शकते. मात्र ज्या गाड्यांचे संगणक मालकाला उघडता येत नाहीत, त्या पेट्रोलवर चालोत वा विजेवर, या छंदात प्रवेश करणार नाहीत.

४. प्रदूषण आणि सुरक्षा यांबाबत सवलत मागण्याचा हौशींना अधिकार नाही. कायद्याने मात्र भागांच्या यादीऐवजी मोजलेल्या परिणामावर अधिक भर द्यावा, आणि परत फिरवता येणाऱ्या, नोंदलेल्या बदलांना मान्यता द्यावी, ही अपेक्षा न्याय्य आहे.

जुनी मोटार संग्रहालयात काचेआड ठेवली तर तिचा पत्रा टिकेल. ती समजून घेणारे हात टिकवायचे असतील, तर ती उघडण्याची, चुकण्याची आणि सुधारण्याची मुभा समाजाला योग्य मर्यादेत राखावी लागेल. या छंदाचे भवितव्य अखेरीस या निर्णयावरच अवलंबून राहील.